अमेरिकेच्या बातम्या कानात, आणि माझी एक चूक

उरण लाइनवर एक लोकल चुकली की पुढचीची वाट बघत बामणडोंगरीच्या फलाटावर बसावं लागतं. उलव्यात राहायला आल्यापासून हा वेळ मी अमेरिकेच्या बातम्यांचे पॉडकास्ट ऐकण्यात घालवते. 'द डेली', 'द एझ्रा क्लाइन शो', एनपीआरचं 'थ्रूलाइन', कधी 'ऑन द मीडिया'. लॅबमध्ये खाडीच्या गाळाचे नमुने अ‍ॅसिडमध्ये विरघळत असतात तेव्हाही एका कानात कुणीतरी पेनसिल्व्हेनियाच्या मतदारांबद्दल बोलत असतं. तुमच्यातले बरेच जण हेच करतात हे मला माहीत आहे. नेट-सेटचा अभ्यास करताना इंग्रजी सुधारतं म्हणून कुणी ऐकतं, आणि बाहेरच्या पीएचडीला अर्ज करणारे तिकडे काय चाललंय हे कळावं म्हणून ऐकतात. आजचं लिखाण या दुसऱ्या गटासाठी जास्त आहे, कारण त्यातल्याच एकाचं मी जवळजवळ नुकसान केलं होतं.

फेब्रुवारी २०२५. आमच्या विभागातून एमएस्सी झालेल्या एका ज्युनियरला अमेरिकेतल्या एका विद्यापीठाची पीएचडीची ऑफर आली होती. ७ फेब्रुवारीला तिकडच्या एनआयएचने, म्हणजे आरोग्यविषयक संशोधनाला पैसा देणाऱ्या त्यांच्या सर्वात मोठ्या सरकारी संस्थेने, जाहीर केलं की यापुढे ग्रँटवरचा अप्रत्यक्ष खर्च १५ टक्क्यांवर मिळणार नाही. आपण ज्याला ओव्हरहेड म्हणतो तोच हा खर्च: इमारत, वीज, प्राण्यांची देखभाल, हिशेबनीस, सेफ्टी ऑफिसर. काही मोठ्या विद्यापीठांना तो ५० टक्क्यांच्या वर मिळत होता. एनआयएचनेच दिलेल्या आकड्यांनुसार वर्षाला वाटल्या जाणाऱ्या सुमारे ३५ अब्ज डॉलरपैकी ९ अब्ज या खात्यात जात होते. दोन-तीन दिवसांत यावर एपिसोड आले. त्यातल्या एकात कॅन्सरवर काम करणारी एक शास्त्रज्ञ होती. तिचा आवाज थोडा कापत होता, मागे पियानोचे दोन-तीन स्वर होते, आणि ती सांगत होती की पुढच्या वर्षी मी नवीन विद्यार्थी घेऊ शकेन की नाही मला माहीत नाही.

मी त्याच संध्याकाळी ज्युनियरला फोन केला. "अरे, तिकडचं फंडिंग संपलंय. राहू दे या वर्षी." तो माझ्यावर विश्वास ठेवणारा मुलगा. "ताई, तू म्हणतेस तर मी नाही म्हणून मेल टाकतो," म्हणाला. नशिबाने त्याला एक रात्र धीर निघाला आणि नकाराआधी त्याने तिथल्या प्रोफेसरला साधा प्रश्न विचारला. उत्तर आलं: पहिलं वर्ष विभागाकडून टीचिंग असिस्टंटशिप, पुढचा प्रोजेक्ट एनएसएफचा, आमच्याकडे एनआयएचचा एक डॉलरही नाही. ऑफरला होकार द्यायची मुदत १५ एप्रिल. (अमेरिकेतली बरीचशी विद्यापीठं फंडिंगसकट येणाऱ्या ऑफरसाठी ही तारीख पाळतात. त्याआधी घाईने हो किंवा नाही म्हणायची सक्ती नसते, हे लक्षात ठेवा.)

मग मी तो एपिसोड परत ऐकला. शेवटच्या तीन मिनिटांत स्पष्ट सांगितलं होतं की २२ राज्यं कोर्टात गेली आहेत आणि १० फेब्रुवारीला मॅसॅच्युसेट्सच्या फेडरल कोर्टाने या आदेशाला तात्पुरती स्थगिती दिली आहे. पुढे एप्रिलमध्ये ती कायम झाली. मी ती तीन मिनिटं ऐकलीच नव्हती, कारण माझं स्टेशन आलं होतं.

चूक माझी. पण ती घडावी असं त्या एपिसोडच्या बांधणीत काहीतरी होतं, आणि त्याबद्दलच मला बोलायचंय.

'द डेली' घ्या. न्यूयॉर्क टाइम्सचा हा पॉडकास्ट १ फेब्रुवारी २०१७ ला सुरू झाला. आठवड्याचे पाच दिवस, साधारण वीस-तीस मिनिटं, तिकडच्या सकाळी सहापर्यंत तयार. आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेतीन वाजलेले असतात, त्यांच्या हिवाळ्यात साडेचार. म्हणजे लॅबमधून घरी जाताना ताजा माल. अनेक वर्षं मायकल बार्बारो हा एकटा त्याचा मुख्य आवाज होता. आता इतरही होस्ट आहेत, पण साचा तोच. होस्ट आपल्याच वर्तमानपत्राच्या वार्ताहराला प्रश्न विचारतो. वार्ताहर एका माणसापासून सुरुवात करतो, त्याची गोष्ट सांगतो, मग ती मोठ्या चित्राला जोडतो. होस्ट मधे मधे हुंकार भरतो, आणि तो हुंकार म्हणजे तुम्ही कुठे थांबून चकित व्हायचं याची खूण. शेवटी जाहिरात, आणि तिच्यानंतर आजच्या इतर बातम्या.

हा साचा अतिशय चांगला आहे. त्यामुळेच मला गेरीमँडरिंग कळलं, फिलिबस्टर कळलं, मेडिकेड आणि मेडिकेअर यातला फरक कळला. पण संशोधन करणाऱ्याच्या कानाने ऐका. एका माणसापासून सुरुवात म्हणजे नमुना एक. तो नमुना निवडला कसा? शंभर शास्त्रज्ञांना फोन केले आणि त्यातली एक घेतली, की पहिल्याच फोनवर जी छान बोलली ती घेतली? पेपर असता तर मेथड्समध्ये लिहावं लागलं असतं. पॉडकास्टमध्ये मेथड्स नसतात, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही; वीस मिनिटांत कुणी मेथड्स वाचून दाखवू शकत नाही. तक्रार ही आहे की त्या जागी पियानो असतो. गाळाच्या एका नमुन्यात मला शिशाचं प्रमाण जास्त सापडलं तर मी पनवेलच्या खाडीबद्दल विधान करू शकत नाही, गाईड तो परिच्छेद लाल शाईने भरून परत देतात. तीच मी, हेडफोन लावल्यावर, एका शास्त्रज्ञावरून अख्ख्या देशाच्या फंडिंगबद्दल विधान करून मोकळी झाले.

त्या शास्त्रज्ञाची भीती मात्र खोटी नव्हती. मार्च २०२५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या यूमास चॅन मेडिकल स्कूलने बायोमेडिकल पीएचडीच्या दिलेल्या ऑफर मागे घेतल्या. इतर काही विद्यापीठांनीही प्रवेश कमी केले. माझ्या ज्युनियरचा विषय जीवशास्त्राचा असता तर माझा फोन कदाचित बरोबर ठरला असता, पण तरीही चुकीच्या कारणाने. तुम्हाला स्वतःसाठी जे प्रश्न हवेत (पगार टीएचा की आरएचा, ग्रँट कुणाची, किती वर्षांची, गाईडकडे आत्ता किती विद्यार्थी आहेत) त्यांची उत्तरं कुठलाही पॉडकास्ट देऊ शकत नाही. ती मेल टाकूनच मिळतात.

या माध्यमाचा सगळ्यात चांगला आणि सगळ्यात वाईट एपिसोड मला विचाराल तर दोन्ही एकाच कार्यक्रमाचे आहेत. 'धिस अमेरिकन लाइफ'ने जानेवारी २०१२ मध्ये माइक डेझी या रंगमंचावरच्या कथाकाराचा एक भाग प्रसारित केला. चीनमधल्या शेन्झेनला जाऊन त्याने अ‍ॅपलची उत्पादनं बनवणारे कामगार पाहिले, त्यांच्याशी बोलला, असं ते कथन. हा त्यांचा तोवरचा सर्वाधिक डाउनलोड झालेला भाग ठरला. मग 'मार्केटप्लेस' या दुसऱ्या कार्यक्रमाचा चीनमधला वार्ताहर रॉब श्मिट्झ याला त्यातले काही तपशील खटकले. त्याने डेझीची दुभाषी शोधून काढली. त्या ठिकाणी अशा दुभाषी कोण कोण, हे शोधण्याइतकं साधं काम होतं ते. तिने सांगितलं की यातलं बरंच काही माझ्यासमोर घडलेलं नाही. मार्चमध्ये कार्यक्रमाने तो भाग मागे घेतला आणि पूर्ण एक तासाचा नवा भाग केला. त्याचं नाव साधं 'रिट्रॅक्शन'. होस्ट आयरा ग्लास डेझीला समोर बसवून प्रश्न विचारतो आणि मधे लांबच लांब शांतता. संगीत नाही.

संशोधनात यायचं असेल तर तो तास जरूर ऐका. जर्नल पेपर मागे घेतं तेव्हा दोन ओळींची नोटीस लागते, तीही कुठेतरी कोपऱ्यात. इथे चूक कशी झाली, कुणी काय तपासायचं राहून गेलं, दुभाषीचा नंबर मागितला तेव्हा काय उत्तर मिळालं आणि आपण ते का चालवून घेतलं, हे सगळं श्रोत्यासमोर मांडलंय. माझ्या मते एका शोधनिबंधाच्या फेरतपासणीइतकंच ते मोलाचं आहे.

त्या तुलनेत 'कॅलिफेट'. न्यूयॉर्क टाइम्सची २०१८ ची मालिका, रुक्मिणी कॅलिमाकी ही वार्ताहर, आणि इस्लामिक स्टेटमध्ये आपण माणसं मारली असं सांगणारा कॅनडातला एक तरुण. मालिकेला पीबडी पुरस्कार मिळाला. गंमत अशी की मालिकेतच, मध्यावर, त्याच्या सांगण्यातल्या तारखा जुळत नाहीत हे त्यांना कळलं होतं आणि त्यांनी त्यावर एक भागही केला. पण तारखा जुळत नाहीत म्हणजे तो गेलाच नसेल, ही शक्यता पुरेशी न तपासता, मग तो वेगळ्या काळात गेला असेल, या दिशेने शोध सुरू राहिला. आउटलायर सापडला की मॉडेल बदलायचं की आउटलायरला बसेल असा पॅरामीटर घालायचा, हा प्रश्न तुमच्यापुढे पहिल्याच वर्षी येणार आहे. सप्टेंबर २०२० मध्ये कॅनडाच्या पोलिसांनी त्या तरुणाला दहशतवादाची खोटी बतावणी केल्याच्या आरोपाखाली अटक केली. डिसेंबरमध्ये टाइम्सने कबूल केलं की मालिकेचा तो गाभा आपल्या निकषांना उतरत नाही, आणि पुरस्कार परत केला. मी ती मालिका त्यानंतर ऐकली, सगळं माहीत असून. तरी तिसऱ्या भागापर्यंत मला त्याचं पटत होतं. इतकं ते सुंदर केलंय.

आकड्यांच्या बाबतीतलं उदाहरण ताजं आहे. २ नोव्हेंबर २०२४, अमेरिकेच्या निवडणुकीच्या तीन दिवस आधी, आयोवा राज्याची एक मतचाचणी आली. अ‍ॅन सेल्झर या अत्यंत नावाजलेल्या सर्वेक्षकाची: हॅरिस ४७, ट्रम्प ४४. नमुना ८०८ संभाव्य मतदारांचा, त्रुटीची मर्यादा अधिक-उणे ३.४. पुढचे दोन दिवस मी जे जे ऐकलं त्यात ही एक चाचणी होतीच. काही होस्ट जबाबदारीने म्हणत होते की ही एकच चाचणी आहे, पण पुढची पंधरा मिनिटं त्याच एका चाचणीवर. निकाल: ट्रम्प सुमारे १३ टक्क्यांनी पुढे. सोळा टक्क्यांचा फरक.

लोकांनी नंतर सेल्झरना नावं ठेवली. मला त्यांचं काम प्रामाणिक वाटतं. जे आलं ते छापलं, इतरांशी जुळत नाही म्हणून दाबून ठेवलं नाही. पण त्या ३.४ चा अर्थ किती जणांनी सांगितला? तो आकडा फक्त यादृच्छिक नमुना घेण्यामुळे येणारी चूक मोजतो. फोन न उचलणारे लोक एका बाजूचे जास्त असतील, तर ती चूक या आकड्यात येतच नाही, आणि नमुना ८०८ ऐवजी ८००० केला तरी ती कमी होत नाही. माझ्या भाषेत: दहा वेळा एकाच जागेचा गाळ काढला तर स्टँडर्ड डेव्हिएशन सुंदर येतं, खाडीबद्दल मात्र काही कळत नाही. हे समजावायला तीन मिनिटं पुरतात. त्या दोन दिवसांत मी ऐकलेल्या तासांमध्ये ती तीन मिनिटं मला मिळाली नाहीत.

जो रोगनबद्दल लिहावं की नाही असा विचार करत होते. तुमच्यातले अनेक जण तो ऐकतात, मला माहीत आहे. आमच्या हॉस्टेलची भिंत पातळ होती. तीन-तीन तासांच्या गप्पा, २००९ पासून. ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रम्प स्वतः तिथे जाऊन तीन तास बोलून आले, यावरून त्याचं वजन कळावं. तिथली अडचण 'द डेली'च्या उलट आहे. काही कापलेलं नाही, संगीत नाही, त्यामुळे सगळं खरंच वाटतं. पण समोरचा जे सांगतो ते तपासायला खोलीत कुणी नसतं. एप्रिल २०२४ चा एक भाग मात्र अपवाद म्हणून ऐका. हरवलेल्या प्रगत संस्कृतीचा दावा करणारे ग्रॅहम हॅनकॉक आणि पुरातत्त्वज्ञ फ्लिंट डिबल समोरासमोर, चार तासांहून अधिक. डिबल तयारी करून आले होते, स्लाइड्स घेऊन. ज्यांना पुढे व्हायवा द्यायचाय त्यांनी बघावं की पुरावा शांतपणे कसा मांडायचा असतो आणि तरीही समोरचा माणूस किती सहज विषय बदलतो.

आणि 'सायन्स व्हर्सेस'. वेंडी झुकरमन यांचा पॉडकास्ट. त्यांच्या प्रत्येक भागाच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये विधानागणिक संदर्भाचा क्रमांक असतो, क्लिक केलं की पेपर उघडतो. जानेवारी २०२२ मध्ये, रोगनच्या कार्यक्रमातल्या कोविडविषयक दाव्यांवरून वाद पेटला तेव्हा, त्यांनी जाहीर केलं की स्पॉटिफाय काही ठोस पावलं उचलेपर्यंत आम्ही फक्त त्याच प्लॅटफॉर्मवर पसरणाऱ्या चुकीच्या माहितीची तपासणी करणारे भाग करू. स्पॉटिफाय ही त्यांची स्वतःची मालक कंपनी. विनोद कधी कधी जास्त होतात, पण मी माझ्या ज्युनियर्सना पहिला हाच सांगते.

आता आपल्याकडचं. मराठीत पॉडकास्ट भरपूर आहेत आणि वाढतायत. 'अमुक तमुक' आहे, सौमित्र पोटे यांचं 'मित्रम्हणे' आहे, 'थिंक बँक' आहे. बीबीसी मराठीचं 'सोपी गोष्ट' हे या सगळ्यांत बातमीच्या सर्वात जवळचं. एक विषय घेऊन तो सुटा करून सांगतात, अमेरिकेचे विषयही. बाकी मी जे ऐकते त्यात बहुतेक सोफा आणि पाहुणा. पाहुणा चांगला असेल तर भाग चांगला. माइक घेऊन बाहेर पडून, चार लोकांचं ऐकून, कागद तपासून, मग कथन करायचं हे मला फार कमी सापडलं. पैशाचा प्रश्न आहे हे उघड आहे. 'द डेली'मागे एका अख्ख्या वर्तमानपत्राचा वार्ताहरवर्ग आहे. तिकडेही हे सोपं राहिलेलं नाही. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी संसदेने सार्वजनिक प्रसारणाचे दोन वर्षांचे सुमारे १.१ अब्ज डॉलर काढून घेतले, आणि एनपीआरच्या स्टेशनांना पैसा पोचवणाऱ्या महामंडळाने ऑगस्टमध्येच गाशा गुंडाळायला घेतला.

याचा परिणाम आपल्यावर कसा होतो ते १९ सप्टेंबर २०२५ ला दिसलं. एच-१बी व्हिसावर एक लाख डॉलरचा आदेश निघाला. पहिल्या दिवशी तिकडच्या मंत्र्यांनी ही रक्कम दरवर्षीची असल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसने खुलासा केला: एकदाच, आणि फक्त नव्या अर्जांना. या मधल्या चोवीस तासांत माझ्या एका मैत्रिणीच्या भावाने, आईच्या शस्त्रक्रियेसाठी पुण्याला आलेला असताना, महागडं तिकीट काढून रातोरात परतीचं विमान पकडलं. त्याचा व्हिसा जुना होता, नूतनीकरणसुद्धा लांब होतं. मराठीत त्या रात्री त्याला हे शांतपणे सांगणारं कुणी नव्हतं. होते ते व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड आणि पहिल्या दिवशी रेकॉर्ड झालेले इंग्रजी भाग. बातमीचा भाग ऐकताना तो कुठल्या तारखेला, किती वाजता रेकॉर्ड झाला हे आधी बघत चला. प्रीप्रिंटचं व्हर्जन बघतो तसं.

एक गोष्ट राहिली. थोडी विषयाबाहेरची वाटेल.

मी ज्या इमारतीत भाड्याने राहते ती साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर आहे. तीन वर्षं हा शब्द ऐकत होते, भाडेकरारातही होता. त्याचा अर्थ मला माहीत नव्हता. आयोवाचे काउंटी माहीत होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं, दि. बा. पाटलांच्या नावाचे फलक गल्लीगल्लीत होते, तेव्हा पहिल्यांदा मी घरमालक काकांना विचारलं. ते जासईजवळच्या गावचे, आगरी. सिडकोने १९७० नंतर इथल्या गावांची जमीन कशी घेतली, किती भाव दिला, १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला गोळीबार कसा झाला, पाच माणसं कशी गेली, आणि त्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित प्लॉट परत द्यायची योजना कशी आली, हे ते दोन तास सांगत होते. "तेव्हा मी पंधरा वर्षांचा. धावलो नुसता," म्हणाले.

मी फोनवर रेकॉर्ड केलं. नंतर ऐकताना लक्षात आलं की काही ठिकाणी ते 'मी पाहिलं' म्हणतात आणि काही ठिकाणी 'लोक सांगतात' म्हणतात, आणि हा फरक ते स्वतःच अगदी काटेकोर पाळतात. दोन तारखा मला जुळवता आल्या नाहीत. त्यांना परत विचारलं तर म्हणाले, "माझ्यावर कशाला जातेस, गावात अजून चार जण आहेत तेव्हाचे. त्यांना विचार, मग मला सांग." या रविवारी त्यातल्या दोघांकडे जाणार आहे.

ज्युनियर अमेरिकेला पोचला. मे २०२५ च्या शेवटी व्हिसाच्या नव्या अपॉइंटमेंट तीन आठवडे बंद होत्या, तेव्हा आम्ही दोघंही पुन्हा घाबरलो. या वेळी मी त्याला काहीच सल्ला दिला नाही. दूतावासाची साइट रोज सकाळी उघडून बघत बसलो. जूनच्या मध्यानंतर तारखा सुरू झाल्या, त्याला जुलैची मिळाली. सोशल मीडियाची खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवायला सांगितलं होतं, म्हणून त्याने आधी शाळेपासूनच्या सगळ्या पोस्ट वाचून काढल्या. म्हणे फार लाज वाटली.